नरखेडच्या तांदळातलं विष

सोमवारी सकाळी पांढुर्ण्यात लेकरांची जणू मिरवणूक निघे. बायांच्या कडेवर टोपडी घातलेली बाळं, पदराखाली झाकलेल्या वाट्या, डोळ्यांत काजळ आणि भीती, दोन्ही सारखीच दाट. जाम नदीच्या काठाकाठाने ही वाट संत्र्याच्या एका बागेत शिरे. तिथं बांबूचा मांडव. मांडवात वाघाच्या कातड्यासारखं रंगवलेलं एक गोणपाट. आणि गोणपाटावर घासबाबा.

घासबाबांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी हिमालयात पुष्कळ वर्षं तप केलं, असं त्यांचा चेला चिंधू सांगे. केलं असेलही. पण बाबा संत्रं असं सोलत, की साल एका दमात, एकही फोड न दुखवता निघे; आणि असं संत्रं सोलणारा माणूस आमच्या मुलखाबाहेर जन्मत नाही.

बाबांचं काम एकच. ज्या लेकराच्या मुखात अजून अन्न गेलेलं नाही, त्याचं उष्टावण आपल्या नजरेखाली करायचं. मामाने आणलेल्या तांदळाची पेज आणायची. बिनदुधाची, बिनगुळाची आणि थंड. बाबा वाटीकडे बघत, डोळे मिटत आणि पळीने थोडं तीर्थ पेजेत सोडत. कुणाची पेज पांढरी ती पांढरीच राही. मग चिंधू शंख फुंकी, मामा घास भरवी आणि बाई हसत घरी जाई.

कुणाची पेज मात्र तीर्थ पडताच निळी होई. आधी थेंब पडला तिथं मोराच्या पिसाचा डोळा उघडल्यासारखी, मग कडेपर्यंत, आणि बघता बघता काजळासारखी काळी.

"अवं माय वं!" अख्खा मांडव मागे सरके.

"विष," बाबा हळूच म्हणत. हळू बोललेलं लांबवर जातं, हे गुपित त्यांना हिमालयाआधीच कळलेलं असावं. मग ते डोळे गरगर फिरवत, छातीवर मूठ मारत, एक संत्रं घेत आणि वाटीत पिळत. रसाची धार पडली की काळी पेज ढवळता ढवळता विटत जाई, फिकी होई आणि पुन्हा पांढरी होऊन बसे.

"वाटीचं विष गेलं बेटी. पोटाचं बाकी आहे. पोटाचं उतरेपर्यंत लेकराले अन्न नाही. अंगारा दे, अंगावरचं दूध दे. दर सोमवारी येत जा. येताना नारळ, नवं धोतर अन् थोडी तुरीची डाळ आणजो."

बाबांच्या स्वतःच्या पोटाला तुरीची डाळ बाधत नसे.

कुणाचं अन्न विषारी आणि कुणाचं नाही, याचंही शास्त्र बाबांपाशी होतं. १९५६ साली नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला राज्यांची नवी मांडणी झाली होती. रात्री झोपलो तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. सकाळी उठलो तेव्हा भोपाळ. नागपूर, काटोल, नरखेड, वरुड सगळं मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही पांढुर्णा-सौंसरवाले मध्य प्रदेशात राहिलो. आमच्या कितीतरी सुना तिकडच्या, कितीतरी लेकी तिकडे दिलेल्या. आगगाडी तीच, सोयरीक तीच, बोली तीच. मधे एक न दिसणारी रेघ. त्या रेघेचं करायचं काय, हे भल्याभल्यांना कळत नव्हतं. बाबांना कळलं.

"सरकारनं रेघ कुठं मारली?" ते विचारत. "कागदावर? नाही बेटी! धरतीमातेच्या अंगावर मारली. अन्न कोणाचं? धरतीमातेचं. रेघ ओलांडून आलेला पहिला घास तिले सोसते का? नाही सोसत. अन्न निळं पडते. मोठे माणसं पचवून टाकतात. लेकराचं पोट केवढंसं, सांग!"

हे कानाला इतकं गोड लागे, की त्या रेघेवरून रोज कापसाच्या गाड्या जातात, संत्र्यांचे पेटारे जातात, नवरदेव जातात आणि डाकेची थैली जाते, त्यांतलं काहीच निळं पडत नाही, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे.

मांडवाच्या दाराशी चिंधू प्रत्येकीला विचारी, "मामाचं गाव कोणतं?" गाव रेघेच्या अलीकडचं असलं की तो ताटलीत झेंडूची पाकळी ठेवी; पलीकडचं असलं की बेलाचं पान. देवाला ओळख पटावी म्हणून, असं तो म्हणे. सर्वज्ञ देवाला चिंधूने पत्ता सांगावा लागतो, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

सुधा नरखेडची. नवरा दत्तात्रय इथल्या कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरीला. त्यांची लेक जयश्री, घरात सगळ्यांची जयू. जयूच्या उष्टावणाचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. पुढचे दात तांदळाच्या कण्यांसारखे लुकलुकत होते. पण सुधाने माहेराहून येताना बांधून आणलेल्या तांदळाची तिची वाटी दर सोमवारी निळी होत होती आणि दर सोमवारी घास पुढे ढकलला जात होता. सुधाचं दूध आटत चाललं होतं. जयूचे दंड सुधाच्या दोन बोटांच्या पकडीत मावू लागले होते.

घरात कुणी जेवायला बसलं की जयू रांगत येई आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसे. त्याने घास चावला की तिचाही जबडा हले. त्याने गिळला की तिचाही गळा हले. तिच्या पोटात मात्र काहीच जात नसे. दत्तात्रय हल्ली भिंतीकडे तोंड करून जेवत असे. आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती. लेकीपुढे खायची तर त्याहून नव्हती.

जात्यावर बसली की सुधा पूर्वी एक ओवी म्हणे :

मामा येईल गाडीनं, संगं तांदळाची पुडी
माझ्या मैनेच्या मुखात, पयल्या घासाची गोडी

आता ती पहिल्याच ओळीवर थांबे. पुढे नुसतं जातं बोले.

सासू देवकाबाई वाईट नव्हती. जयूवर तिचा जीव होता, आणि सगळी अडचण त्या जिवामुळेच होती. तिचा पहिला लेक उष्टावणाच्याच आठवड्यात हगवण लागून गेला होता. तेव्हापासून पहिल्या घासाचं नाव काढलं की ती देवापुढे दिवा लावी. अशा बाईच्या डोळ्यांपुढे कुणी पेज काळी करून दाखवली, तर ती काय करील? जयू रडली की ती स्वतःही उपाशी राही आणि तिला अंगाऱ्याचं पाणी पाजी.

"आई, थोडं वरणाचं पाणी तरी देऊ का हो?" सुधा विचारी.

"अन् काही झालं मंग? तू भरून देशील मले लेकरू?" देवकाबाई म्हणे. सुधा वरणाचं पातेलं झाकून ठेवी. या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि बाबांचा सगळा धंदा अशाच प्रश्नांवर चालला होता.

प्रभाकर, सुधाचा मोठा भाऊ, नरखेडच्या शाळेत शास्त्र शिकवी. भाचीच्या उष्टावणाचं बोलावणं येईना, म्हणून तो एका रविवारी न बोलावताच पॅसेंजरने आला. हातात तांदळाची पुडी.

"या भाऊ, बसा," देवकाबाई दारातच म्हणाली. "पण पुडी तेवढी बाहेर राहू द्या."

"बाहेर? काहून?"

"ते तिकडची आहे."

प्रभाकरने पुडीकडे बघितलं. मग स्वतःकडे. "मीबी तिकडचाच आहो, काकू. मीबी ओट्यावरच बसू का?"

पुडी ओट्यावर राहिली, एखाद्या परक्या कुत्र्यासारखी. प्रभाकर आत येऊन बसला आणि त्याने जयूला उचललं. उचललं, आणि त्याचा हात गरजेपेक्षा जास्त वर गेला. एवढ्या कमी वजनाची तयारी त्याच्या हाताने ठेवली नव्हती. जयूने त्याचा अंगठा पकडून तोंडात घातला आणि ती तो चावायला लागली. प्रभाकर एरवी मोठा थट्टेखोर. त्या दिवशी मात्र त्याने अंगठा सोडवून घेतला नाही.

देवकाबाई विहिरीवर गेली तेव्हा त्याने बहिणीला विचारलं, "सुधे, काय काय होते तिथं, सगळं सांग. काही सोडू नको."

सुधाने सांगितलं. पळी, तीर्थ, पान, संत्रं, सगळं. मग म्हणाली, "पहिल्या खेपेले मी पेज गरमच नेली होती दादा. तीर्थ पडलं तरी तशीच पांढरी राहिली. मले वाटलं, सुटलो. पण बाबा म्हणाले, थंड होऊ दे, देव गरम वाटीले शिवत नाही. मी पदरानं वारा घालत बसली. अन् थंड होता होता आपोआप निळी झाली."

"दुसऱ्यांदा तीर्थ न टाकता?"

"न टाकता."

"त्याचे बोटं कशे आहेत?"

"पिवळे-तपकिरी. लोक म्हणतात, विष चाटून चाटून झाले."

"अन् वास?"

"धुपापुढे काही समजत नाही. पण एकदा वाटीजवळ वाकली तर... लहानपणी माझं ढोपर फुटलं होतं ना, तवा दवाखान्यात ते झोंबणारं औषध लावलं होतं. तसा आला."

प्रभाकर हसला. हसताना मात्र त्याचे दात आवळलेले होते. "टिंचर आयोडीन! हा हिमालय नाही सुधे, हा कुठल्यातरी दवाखान्यात पट्ट्या बांधून आलेला माणूस आहे. मी आठवीच्या पोरांले हे दर साली करून दाखवतो. तांदळाची पेज असो, बटाटा असो, पिठाचं पाणी असो, टिंचर पडलं की निळं. गरम असलं तर रंग धरत नाही, थंड झालं की धरते. अन् संत्र्या-लिंबाचा आंबट रस पडला की रंग उडून जाते. दूध-गूळ काहून चालत नाही म्हणते तो? रंगाचा घोटाळा होते म्हणून. उद्याच मांडवात जातो अन् सांगतो सगळ्यांले!"

"लोक मारतील तुमाले," सुधा म्हणाली. "म्हणतील, हा नरखेडचा, आपल्या तांदळाचं विष झाकून राहिला."

तेवढ्यात मधल्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. ही शेजारची नलिनी. तिचं अर्धं आयुष्य त्या भिंतीपलीकडे आणि अर्धं भिंतीवर जाई. तिचा लेक मोरेश्वर, म्हणजे मोरू, जयूच्या मागचा. त्याचं उष्टावण उद्याच्याच सोमवारी बाबांकडे व्हायचं होतं. त्याचा मामा रामाकोन्याचा, म्हणजे रेघेच्या अलीकडचा, पवित्र. तो तांदूळ ठेवून परत गेला होता, कारण कापूस वेचणीला आला होता.

"मी सगळं ऐकलं बाप्पा," नलिनी म्हणाली. "सांगायचं कायले? करून पाहू. माझ्या ताटलीत तुझ्या भावाची पेज, तुझ्या ताटलीत माझ्या भावाची. मंग समजून जाईल, बाबाचा देव तांदळाले ओळखते का बेलाच्या पानाले."

प्रभाकर उठून भिंतीपाशी आला. "वहिनी, म्हणजे मोरूच्या तोंडात नरखेडचा तांदूळ जाईल. तुमाले भेव नाही?"

"मोऱ्या माती खाते. भिंतीचे पोपडे खाते. परवा माझ्या नणंदेची रिबीन चावून चोथा करून टाकली. नरखेडच्या तांदळाचीच उलटी कीव येऊन राहिली मले!"

सुधा खूप दिवसांनी हसली.

सोमवारी मांडव भरून गेला. धूप इतका, की देवही खोकला असता. चिंधू दाराशी होताच.

"मामाचं गाव?"

"रामाकोना," नलिनी म्हणाली. झेंडूची पाकळी.

"मामाचं गाव?"

"नरखेड," सुधा म्हणाली. बेलाचं पान. मागे उभ्या देवकाबाईने डोळे मिटून हात जोडले. तिला या बेताची काही कल्पना नव्हती. प्रभाकर गर्दीत एका खांबाला टेकून उभा होता.

नलिनीची पाळी आधी आली. बाबांनी झेंडूची पाकळी पाहिली, गुडघ्याजवळच्या दोन पंचपात्रांपैकी डावीकडच्यात पळी बुडवली आणि तीर्थ सोडलं. पेज पांढरीशुभ्र राहिली.

"पाहा!" बाबा गरजले. "इकडच्या मातीचं अन्न! अमृत आहे, अमृत! मामा नाही आला? मी भरवतो!"

आणि नरखेडच्या तांदळाचा घास घासबाबांनी स्वतःच्या हाताने मोरूच्या तोंडात घातला. मोरूने तो गिळला, ओठ चाटले आणि बाबांचं बोट न सोडता पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. शंख वाजला. बायांनी कानशिलांवर बोटं मोडली.

मग सुधा. बाबांनी बेलाचं पान पाहिलं, एक उसासा सोडला आणि पळी उजवीकडच्या पंचपात्रात बुडवली. तीर्थ पडलं. मोराचा डोळा उघडला. पेज निळी झाली, काळी झाली.

"नरखेड!" बाबा मान हलवत म्हणाले. "पाहा, विष अजून जोरात आहे. हा घास पोटात गेला असता तर लेकरू सूर्य मावळेपर्यंत..."

देवकाबाईच्या तोंडून हुंदका फुटला. बाबांनी संत्रं पिळलं. पेज पांढरी झाली. सगळं दर सोमवारसारखं.

"बाबा," नलिनी उठून उभी राहिली. मोरू तिच्या कडेवर ओठ चाटत होता. "घोटाळा झाला जी. या निळ्या झालेल्या वाटीतले तांदूळ माझ्या भावाचे. रामाकोन्याचे. अन् तुमी माझ्या मोऱ्याले जे अमृत भरवलं ना, ते नरखेडचं. आम्ही घरूनच वाट्या बदलून आणल्या होत्या."

बायांच्या माना एका वाटीवरून दुसऱ्या वाटीकडे वळल्या.

"खोटं!" चिंधू ओरडला.

"मले विचारा," प्रभाकर खांब सोडून पुढे आला. "मी सुधाचा भाऊ. नरखेडचा. तो तांदूळ माझ्या हातानं आणला, अन् पेज शिजली तवा मी वहिनीच्या चुलीपाशीच बसलो होतो."

बाबा मुरलेले होते. क्षणभरच त्यांचा डोळा लवला. "मले ठाऊक होतं," ते म्हणाले. "देव परीक्षा पाहून राहिला होता. वाट्या बदलल्या, तसं विषही बदललं. विष आईच्या पदराले चिकटलेलं असते. तिनं ज्या वाटीले हात लावला..."

"थांबा महाराज," मागून एक जाडसर आवाज आला. तो बापूजींचा. बाजारात त्यांचं धान्याचं दुकान, डोक्यावर काळी टोपी, आणि बोलायच्या आधी पान गालात सरकवायची सवय. नातवाचं उष्टावण करायला ते आले होते. त्यांनी पान सरकवलं. "मघापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळून राहिली. रामाकोन्याचा तांदूळ म्हणता. रामाकोन्यात कापूस, ज्वारी अन् संत्रं. या बाईचा भाऊ परवा माझ्याच दुकानातून तांदूळ घेऊन गेला. अन् माझं पोतं येते भंडाऱ्याहून. भंडारा आता कोणत्या राज्यात आहे, महाराज?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"अन् महाराजांच्या भोजनाचा तांदूळबी माझ्याच दुकानातला," बापूजी म्हणाले. "म्हणजे तुमी सहा महिने... नाही, रेघ पडल्यापासून धरू... रोज विष जेवून राहिले?"

आता हसू पसरलं. बाबांनी हात वर केला, पण हात वर केलेल्या माणसाची बोटं सगळ्यांना दिसतात. प्रभाकरने तीच दाखवली. "हे विषाचे डाग नाहीत. ढोपराले लावायच्या टिंचरचे आहेत. तेच त्या उजव्या पंचपात्रात आहे. डाव्यात नुसतं पाणी." त्याने सकाळी दवाखान्यातून मागून आणलेली एक लहान शिशी खिशातून काढली. मांडवामागे बाबांच्या जेवणाचा भात शिजत होता. त्याची पेज एका बाईने काढून आणली आणि गार केली. प्रभाकरने शिशीतला थेंब टाकला. पेज निळी झाली. मग एका बाईच्या टोपलीतलं साधं, बिनमंत्राचं संत्रं त्यात पिळलं. पेज पांढरी झाली.

"अगं बाई, मास्तरच्याबी अंगात देव आहे!" एक म्हातारी म्हणाली.

"माय, माझ्या अंगात देव असता तर शाळेत फळे पुसत बसलो असतो का? तुमी करा. कोणीबी करा."

आणि तिथं खरं ते घडलं. देवकाबाई पुढे आली.

"मले दे," ती म्हणाली.

तिने शिशी घेतली. दुसऱ्या वाटीत थेंब टाकला. निळा रंग वाटीभर पसरला तशी ती दचकली, पण मागे सरली नाही. कुणीतरी दिलेलं संत्रं तिने पिळलं. काळं फिकं झालं, फिकं पांढरं झालं. तिने पुन्हा केलं. मंत्र नाही, शंख नाही, उपास नाही. तिच्या सुरकुतल्या हाताने, ज्या हातात कुठलीही सिद्धी नव्हती.

"मंग," ती प्रभाकरकडे न बघता म्हणाली, "माह्या पहिल्या लेकराले काय झालं होतं?"

प्रभाकरचा आवाज खाली आला. "हगवण झाली होती म्हणतात ना, काकू. पाणी खराब असेल, नाही तर माश्या बसल्या असतील. घासानं नाही गेलं ते. अन् मामाच्या गावानं तर नाहीच नाही."

देवकाबाईने पदर तोंडाला लावला. मग पदर बाजूला केला आणि नलिनीच्या वाटीत उरलेली नरखेडची पेज मागून घेतली. "या दुसऱ्या वाट्या सांडून द्या," प्रभाकर मधेच म्हणाला, "टिंचर पोटात घ्यायचं नसते." तिने मान डोलावली. चांगली वाटी त्याच्या हातात देऊन ती जयूला मांडीवर घेऊन खाली बसली, घासबाबांच्या त्या रंगवलेल्या गोणपाटावरच.

"भरवा भाऊ," ती म्हणाली. "मामाचा मान आहे."

मामाने बोटावर घास घेतला. जयूने मानबिन काही पाहिला नाही. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, खाली ओढलं आणि घास बोटासकट तोंडात घेतला. पहिल्याने तिला गिळायचं कळेना. अर्धा घास हनुवटीवर आला. देवकाबाईने तो तर्जनीने पुसून पुन्हा तिच्या ओठांत घातला. या वेळी गळा हलला, आणि सुधाला दिसलं, की या वेळी गळ्याखाली खरंच काहीतरी गेलं. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि अर्धवट राहिलेली ओवी, कुणाला ऐकू जाणार नाही अशी, ओठांतल्या ओठांत पुरी केली.

सगळे हसत होते, रडत होते, एकमेकींना शिशी मागत होते. फक्त मांडवाच्या कडेला वरुडची एक लेक, इथली सून, उभी होती. दोन महिन्यांपूर्वी ती याच मांडवात लेकरू घेऊन येई. तिचीही वाटी निळी होई. आता तिच्या कडेवर काहीच नव्हतं. तिने पुढे येऊन ती दोन्ही पंचपात्रं उचलली, आधी डावं, मग उजवं, आणि बाबांच्या मांडीवर रिती केली. पांढऱ्याशुभ्र धोतरावर, जिथं खळ घातलेली होती तिथं तिथं, निळे डाग उमटले. खळही पिठाचीच असते.

बाबा त्या दुपारी अंतर्धान पावले. भक्तांतले काही अजूनही सांगतात, की ते जागच्या जागी अदृश्य झाले. स्टेशनवरचा हमाल सांगतो, की ते इटारसीकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये मागच्या बाजूने चढले आणि निळं धोतर झाकायला त्यांनी मांडीवर तुरीच्या डाळीचं बोचकं घेतलं होतं. चिंधू तिकीट काढायला थांबला आणि मागेच राहिला. सध्या तो बापूजींच्या दुकानात पोती उचलतो. पोत्यावर कोणत्या गावाचं नाव आहे, हे तो विचारत नाही.

ही गोष्ट वाचून तुम्ही म्हणाल, पांढुर्ण्याच्या बाया भोळ्या. तसं म्हणू नका. त्या भोळ्या नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. लेकरू गमावण्याची भीती ज्या घरात असते, तिथं शहाणपण दाराबाहेर तिष्ठत उभं राहतं, आणि कुणीतरी ते आत घ्यावं लागतं. ते आत घेतलं भिंतीवरून डोकावणाऱ्या एका शेजारणीने. आणि प्रत्येक घराला कुठली ना कुठली भिंत असतेच.

म्हणून सांगणं एवढंच. बाळ बसायला लागलं, दुसऱ्याच्या घासाकडे टक लावून बघायला लागलं, की त्याला अन्न द्या. मऊ शिजवून, मोडून, झाकून ठेवलेलं. हात धुऊन, पाणी उकळून. आधी बोटभर, मग वाटीभर. अंगावरचं दूधही चालू ठेवा. मामाला जरूर बोलवा, लाड करायला, पण मामाची गाडी चुकली म्हणून घास थांबवू नका. लेकरू खाईनासं झालं, वाळायला लागलं, तर दवाखान्यात न्या. आणि कुणी तुमच्या डोळ्यांदेखत वाटीचा रंग बदलून दाखवला, तर हात जोडायची घाई करू नका. आधी वाट्या बदलून पाहा.